अंगालगतचं कापड

दुकान

“सुती नको हो. सुती लगेच विटाळतं.”

काकू हे मला सांगत नव्हत्या. कपड्यांच्या रॅकपलीकडे उभ्या राहून त्या काकांना सांगत होत्या आणि हसत होत्या. रॅकच्या अलीकडे मी होते. माझ्या हातात लांब बाह्यांची, बारीक चौकड्यांच्या विणीची, सायीच्या रंगाची एक सुती बनियन होती.

दुकान शिकारीच्या सामानाचं, काका-काकूंच्या पिस्कॅटवेहून फार लांब नाही. दाराशी पेंढा भरलेलं अस्वल दोन पायांवर उभं होतं आणि त्याच्या पंजात कोणीतरी सेलची पाटी अडकवली होती. बंदुका काचेच्या कपाटात, धनुष्यं भिंतीवर, आणि मागच्या अर्ध्या भागात नुसते कपडे. शिकारीला जायचं तर प्राण्यापेक्षा कपड्यांचा विचार जास्त करावा लागतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

काकू बोलल्या त्याला निमित्त वॉल्ट यांचं होतं. काका डॉक्टर, आणि त्यांच्याच हॉस्पिटलात वॉल्ट भूल देणारे डॉक्टर. साठीचे, उंच, सावकाश बोलणारे. उत्तरेला ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात त्यांची केबिन आहे. दर फॉलला, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, ते तिथे धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतात, आणि काही वर्षांपासून काकाही त्यांच्याबरोबर जाऊ लागले होते. या वर्षी काकू निघाल्या, आणि काकूंना सोबत म्हणून मी.

वॉल्ट सांगत होते की फॉलच्या सुरुवातीला कपड्यांची चूक सगळ्यांचीच होते, कारण हवा फसवी असते. पहाटे गवत गोठलेलं, दुपारी बाह्या दुमडाव्यात असं ऊन. माणूस थंडीला भिऊन जाड कपडे घालतो, डोंगर चढताना घामाघूम होतो, आणि मग जिथे न हलता बसून राहायचं असतं तिथे तोच घाम त्याला गारठवतो. वरचा कोट कसाही असो, अंगालगतचा थर नीट निवडला पाहिजे. तो पातळ हवा. आणि सुती अजिबात नको. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. हल्ली एक नवीन प्लॅस्टिकच्या धाग्याचं निघालंय, ते ओलं राहत नाही, पण एका दिवसात त्याला असा वास मारतो की शेजारच्या राज्यातल्या हरणांनाही कळतं. खरं कापड दोनच. आत रेशीम, नाहीतर सरळ लोकर.

“रेशीम नाहीतर लोकर!” काकूंनी टाळी वाजवली. “अहो, आमच्या सासूबाईंना हे सांगायला कुठला वॉल्ट आला होता? सुती नको हो. सुती लगेच विटाळतं.”

काका खो खो हसले. वॉल्टनी विचारलं काय झालं, तेव्हा काकांनी इंग्रजीत सांगितलं की देवाचं करताना आमच्या घरी हाच नियम असतो. वॉल्टनी मान हलवली. शहाणे लोक, म्हणाले.

मीही हसले असेन. अशा वेळी माझा चेहरा आपोआप हसतो. पण आमच्या घरी हा शब्द हसून उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. माझे आजोबा नागपूरच्या कापडगिरणीत सूतखात्यात होते. विणकामखात्यात आमच्या लोकांना घेत नसत, कारण तिथे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा लावायचा? म्हणून आजोबांनी जन्मभर सूत काढलं आणि त्याचं कापड होताना लांबून पाहिलं. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. खळ घातलेली सुती साडी तिच्याइतकी कडक मी कोणाची पाहिलेली नाही. अंगाला सुतीच बरं, असं ती मला लहानपणापासून सांगत आली आहे.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. माझं नाव सुजाता. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. नन्सच्या शाळेत मी इंग्रजी बोलून शिकले आणि मराठी वाचून. त्यामुळे माझ्या बोलण्यात वस्तीही ऐकू येत नाही आणि गावही. काकूंना ते शुद्ध वाटतं. त्यांचा स्वतःचा मुलगा मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो, आणि कॉलेजला गेल्यापासून तेही फोनवरच. युनिव्हर्सिटीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला फ्लू झाला, तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात एकदाच भेटलेल्या या बाई आमटीचा डबा घेऊन डॉर्मच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून शनिवार-रविवार मी त्यांच्या घरचीच होते. या देशात माझं म्हणावं असं तेवढं एकच घर होतं.

आणि त्या उन्हाळ्यापासून काकूंच्या मनात आलं होतं की मी कायमचीच घरची व्हावी. त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा श्रीरंग टेक्सासला अर्विंगमध्ये इंजिनिअर आहे. बहीण सध्या त्याच्याकडेच राहायला आली होती. डोंगरातून परतताना काकू तिला फोन करून माझ्याबद्दल सांगणार होत्या. म्हणजे माझ्याकडे एवढीच सहल होती. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं.

मी काउंटरवर गेले आणि ती सुती बनियन आणि तिच्या जोडीची विजार विकत घेतली. वॉल्टनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, लोकर मला टोचते. त्या दिवशी माझ्याकडून एवढंच उत्तर निघालं.

उत्तरेकडे

हायवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ऑल्बनी मागे पडल्यावर मात्र झाडं बदलू लागली. फॉलचे फोटो मी आईला पाठवले होते, पण फोटोत रंग एकाच जागी उभे असतात. इथे रस्ता वळला की अख्खी टेकडी पेटल्यासारखी समोर यायची आणि पुढच्या वळणाला विझायची. नागपूरच्या उन्हाळ्यात पळस फुलतो तो निष्पर्ण झाडावर. इथे फुलं नाहीतच, पानंच मरताना लाल होतात. एवढी सुंदर गोष्ट पाहून माणसाला बरं वाटायला हवं. मला ते पाहताना एकसारखं वाटत होतं की हे सगळं लवकरच खाली पडणार आहे.

पुढे काकांनी कॅसेट लावली होती. मागे काकू आणि मी धपाटी आणि दह्याची चटणी खात होतो. मध्ये एका डायनरला थांबलो. काकूंनी ॲपल पाय मागवला आणि वेट्रेसला तीनदा विचारलं की यात चरबी तर नाही ना. तिसऱ्यांदा वेट्रेस म्हणाली की तिच्या आजीच्या पायमध्ये असायची, हा दुकानाचा आहे.

“बघ,” काकू मला म्हणाल्या, “यांच्या तर आज्याच बिघडलेल्या.”

“तू खा गं मुकाट,” काका म्हणाले. “उद्या मी हरीण मारणार आहे आणि तू चरबीचं विचारतेस.”

“मारा की. माझ्या पातेल्याला लावू नका म्हणजे झालं.” मग माझ्याकडे वळून: “श्रीरंग नाही हं खात. अंडंसुद्धा नाही. तिकडे टेक्सासमध्ये राहून! तुला काही अडचण नाही ना? तशी तूही साधीच.”

मी म्हटलं, “मी सगळं खाते, काकू.”

“अगं, इथे आल्यावर खातातच सगळे. लग्नानंतर सुटतं.”

मला वाटलं होतं ही एक वाट आहे. इथून बोलायला सुरुवात करता येईल. पण काकूंनी पायचा अर्धा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला आणि वाट मिटली. त्यांच्या मायेतच असं काहीतरी होतं की आपलं बोलणं आतल्या आत राहावं.

केबिन

केबिन ओंडक्यांची, एका लहान तळ्याच्या काठावर. आत लोखंडी चूल, पुढे पडवी, वर पोटमाळा. तळ्याचं पाणी काळं आणि इतकं स्थिर की पलीकडची टेकडी त्यात उलटी ठेवल्यासारखी दिसत होती. फोन नव्हता. फोन करायचा तर खाली गावातल्या दुकानाशी जावं लागे. हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं आणि त्याची लाजही वाटली.

आधीच येऊन पोचलेल्या वॉल्टनी आमचं स्वागत हरणाच्या मांसाच्या चिलीनं केलं. काकूंनी स्वतःची शेगडी पडवीत मांडली. मी दोन्हीकडचं जेवले. चिली उत्तम होती. राजम्यासारखी, पण अधिक रानटी.

दुसऱ्या सकाळी जाग आली ती तुपाच्या वातीच्या वासानं. पोटमाळ्याच्या खिडकीशी काकूंनी डब्यातला बाळकृष्ण मांडला होता आणि त्या लालसर तपकिरी रंगाचं एक जाड लोकरीचं वस्त्र नेसून बसल्या होत्या. धाबळी. वाचली होती, पाहिली नव्हती. पूजा आटोपल्यावर म्हणाल्या, ही सासूबाईंची. प्रवासात हीच बरी, धुवावी लागत नाही, विटाळत नाही. मग खाली वाकून ओरडल्या, “अहो, तुम्ही नेसलात का तुमचं सोवळं?”

खाली काका लोकरीच्या करड्या बनियन-विजारीत उभे होते. “नेसलो. आता नैवेद्याला हरीण तेवढं आणायचं.”

हसण्यासारखंच होतं, आणि मी हसलेही. पण पुढे जे झालं ते सांगायला हवं. माझा टॉवेल वाळत घालायला मी पडवीमागे गेले. तिथे दोरीवर वॉल्ट यांचे कपडे होते, ते सरकवून टॉवेलला थोडी जागा करावी म्हणून मी हात पुढे केला.

“प्लीज, हात नको लावू,” वॉल्ट मागून म्हणाले. “तुझा वास लागेल.”

ते फार सौजन्यानं म्हणाले. मग समजावून सांगितलं. शिकारीचे कपडे साबणानं धुवायचे नाहीत, खायच्या सोड्यानं धुवायचे. बाहेर वाळवायचे. स्वयंपाकघरात आणायचे नाहीत. दुसऱ्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. पिशवीत देवदाराच्या डहाळ्यांबरोबर ठेवायचे आणि जंगलाच्या तोंडाशीच अंगावर चढवायचे. हरणाला डोळ्यांपेक्षा नाक जास्त. माणसाचा वास आला की ते फिरकत नाही.

काकूंनी वरच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. “सुजू, हे तर आपल्यापेक्षाही कडक निघाले गं! कडकडीत सोवळं!”

मी टॉवेल घेऊन परत आत गेले. ॲनिमल बिहेवियरवर मी एक कोर्स केलेला आहे. वॉल्ट बोलले त्यातलं अक्षर न्‌ अक्षर मला पटत होतं. शास्त्रीय कारण होतं, प्राण्याचा प्रश्न होता, माझ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी हात नुसता लोंबकळत राहिला, कुठे ठेवावा कळेना. पूर्वी म्हणत, समुद्र ओलांडला की जात जाते. काका-काकूंची गेली नव्हती. माझी तर इथे दोरीवरच्या कपड्यांतही मला दिसत होती.

टेकडी

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, “चल सुजू, मला सोबत. फक्त बोलायचं नाही.”

“ती कधी बोलते?” काकू म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा तीच चांगली शिकारी होईल.”

वॉल्टही तेच म्हणाले. जंगलात चांगल्या माणसाची एकच खूण, त्याला गप्प राहता येतं. आयुष्यात माझ्या गप्प राहण्याचं कौतुक दोनदा झालं. एकदा शाळेच्या प्रगतिपुस्तकात आणि एकदा तिथे.

निघताना काळोख नुकता फिका होत होता. अंगात माझी सुती जोडी, वर स्वेटर, वर काकूंचा जुना पार्का, टोपीवाला जाड कोट. पहिली दहा-पंधरा मिनिटं फार छान गेली. पायाखाली ओली पानं, कुठे शेवाळ इतकं मऊ की पाय टाकायला संकोच वाटावा. मग चढ लागला. काका न थांबता चढत होते. पार्का त्यांनी गुंडाळून पाठीवर बांधला होता आणि नुसत्या लोकरीच्या बनियनवर चालले होते. तसं करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी सगळं अंगावर ठेवूनच चढले. वर पोचेपर्यंत बनियन पाठीला चिकटली होती.

वर एका पडलेल्या झाडाआड वॉल्टनी फांद्यांचा आडोसा केलेला होता. आम्ही दोघं त्यात बसलो. काकांनी तीर जोडून धनुष्य मांडीवर ठेवलं. समोर बीच नावाची राखी खोडांची झाडं आणि त्यांमधून गेलेली हरणांची पायवाट.

जाणाऱ्यांसाठी सांगते. थंडी आधी पाठीत येते. ओलं कापड पाठीला लागलेलं असतं, तिथून कोणीतरी गार तळहात ठेवल्यासारखी सुरू होते आणि मग बरगड्यांभोवती वळते. वारा नव्हता, बारीक पाऊस होता, पाऊस म्हणण्याइतकाही नव्हे. मी हात बगलेत धरले. हलायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं. काकांना नुसतं ‘थंडी वाजते’ म्हटलं असतं तर त्यांनी लगेच खाली नेलं असतं. तेवढे दोन शब्दही मला जमेनात. जे मोठं बोलायचं होतं ते अडकलं होतं आणि त्यामागे सगळं लहान बोलणंही अडकून बसलं होतं.

हरीण आलं तेव्हा मला आधी कळलंच नाही की आलं. बीचच्या खोडांमध्ये एक खोड हललं. लहान शिंगांचा नर होता. तो वाटेवर उभा राहिला, एक पाय उचललेला. काकांनी धनुष्य ओढलं. त्यांच्या कोपराला किंचितही कंप नव्हता. आणि त्या शांततेत मला एक बारीक, खुळखुळ्यासारखा आवाज ऐकू आला. माझे दात वाजत होते.

हरणानं मान वर केली. ते थेट माझ्याकडे पाहत होतं असं मला वाटलं, पण हरणं तशी पाहत नसावीत. मग शेपटीची पांढरी बाजू दिसली आणि वाट रिकामी झाली.

काकांनी धनुष्य हळूहळू सैल केलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी दातांचाच आवाज आला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला.

“अगं वेडे, ओठ निळे पडलेत तुझे! थंडी वाजते तर बोलायचं नाही का?”

खाली उतरताना मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा तिथेच पडून राहावं असं वाटलं. पानं मऊ होती. काकांनी बखोटीला धरून उठवलं.

चुलीपाशी

काकूंनी दारातच माझ्या अंगावरचं सगळं उतरवलं. पुरुषांना पडवीत हाकललं. “सुती घातलं होतंस? वॉल्ट घसा फोडून सांगत होता ना? टोचतं म्हणे! आता मरण टोचलं असतं तेव्हा?” ओल्या बनियनचा गोळा त्यांनी कोपऱ्यात फेकला. तो जमिनीवर पडला तेव्हा ओल्या फडक्यासारखा आवाज झाला.

स्लीपिंग बॅग पोटमाळ्यावर होत्या. हाताशी होती ती धाबळी, शिडीच्या कठड्यावर हवेला टाकलेली. काकूंनी ती ओढली आणि मला काही कळायच्या आत माझ्या उघड्या अंगाभोवती गुंडाळली.

“काकू, नको,” मी म्हटलं. “ही नको.”

“का? टोचते?”

तो क्षण होता. त्याहून सरळ क्षण मिळणार नव्हता. ती खरोखर टोचत होती. कापराचा, तुपाचा, जुन्या पेटीचा वास होता तिला. मी म्हणाले, “पूजेची आहे.”

“असू दे. आजारी माणसाला सोवळंओवळं नसतं. आणि तू काय परकी आहेस? उद्या आमच्या ताईची सून होशील, तेव्हा हीच देईन तुला.”

त्यांनी माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. मेतकूट-भात कालवून घास भरवले. वॉल्टनी बाहेरून विचारलं, कशी आहे ती? काकूंनी ओरडून सांगितलं, ऑल राइट, शी इज इन वूल नाऊ. मी चुलीकडे पाहत बसले. धाबळीत शिरलेली ऊब हळूहळू पाठीत पोचली, आणि मला वाटलं होतं त्याहून वाईट गोष्ट झाली. मला बरं वाटलं. इतकं बरं त्या देशात मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. काकू ज्या मुलीचे पाय चोळत होत्या ती मुलगी त्यांनीच तयार केलेली होती. मी गप्प राहून तिला जागा दिली होती.

ती सहल संपल्यापासून त्या घरी मी जात नाही. येऊ नको असं कोणी म्हटलेलं नाही. काका एकदा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत भेटले, अभ्यास कसा चाललाय विचारलं, आणि घड्याळ पाहिलं. धाबळीचं काय झालं ते मला माहीत नाही. लोकर विटाळत नाही असं काकूच म्हणत असत. त्यांचा शास्त्रावर विश्वास असेल तर ती अजून कपाटात असेल. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलींना हे सांगून पाहिलं. त्यांनी फार सहानुभूतीनं ऐकलं आणि विचारलं, पण तू सांगितलंसच का? आईला मी पत्रात एवढंच लिहिलं की फॉल सुंदर होता आणि मला सर्दी झाली होती.

गावातलं दुकान

परतीच्या दिवशी ऊन पडलं होतं. हरीण कोणालाच मिळालं नव्हतं. रात्रभराच्या पावसानं निम्मी पानं उतरवली होती आणि रस्ता लाल झाला होता. गावात एकच दुकान, तेच पोस्ट, तोच पेट्रोल पंप. काका आणि वॉल्ट गाडीत पेट्रोल भरत होते. बाजूच्या भिंतीशी काचेचं फोनबूथ होतं.

“चल,” काकू म्हणाल्या, “ताईशी बोलते. तू जवळच थांब, आवाज ऐकवीन तिला.”

कोटामुळे बूथचं दार लागेना, म्हणून त्यांनी ते उघडंच ठेवलं. ऑपरेटरला नंबर दिला, पैसे पलीकडच्यांनी भरायचा कलेक्ट कॉल. मी दारात उभी होते. आत एका बाजूला टांगलेली जाडजूड फोन डिरेक्टरी, दुसऱ्या बाजूला काकूंचा आनंदानं लाल झालेला चेहरा.

“ताई? मी बोलतेय. अगं डोंगरातून! ... नाही, काही नाही मिळालं, देवाची कृपा. ... ऐक ना, ती सुजाता, सांगितलं होतं ना मी? ... हो, इथेच उभी आहे. ... सावळी आहे, पण चेहरा फार गोड. एम.एस. करतेय. आणि शांत! तीन दिवसांत दहा वाक्यं बोलली नसेल. ... नागपूर. ... अगं ‘कर’ म्हणजे देशस्थच असणार. ... गोत्र? ते बाई नाही विचारलं. थांब हं.”

त्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कसलीही परीक्षा नव्हती. घरच्या मुलीला मीठ कुठे आहे विचारावं तसं विचारलं.

“सुजू, तुमचं गोत्र काय गं?”

ठाऊक नसेल तर कश्यप म्हणावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. एक शब्द पुरला असता. तो माझ्या जिभेवर आलाही. पंपाशी वॉल्ट कशावर तरी हसत होते. काकूंची बोटं रिसीव्हरवर वाट पाहत होती, आणि त्या बोटांच्या फटींतून टेक्सासहून एक बाई म्हणत होती, काय म्हणते गं, काय म्हणते?

मी बोलले ते जरा मोठ्यानंच बोलले असेन. रिसीव्हर झाकलेला असूनही पलीकडचा आवाज थांबला.

“आम्हाला गोत्र नाही, काकू. आम्ही महार होतो, आता बौद्ध आहोत. ताईंना सांगा. मी इथेच उभी आहे.”